सबवूफरची केबल आणि गिलाव्याआधीचे दहा दिवस

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्याचे काम सध्या काढले आहे. त्यातील १६ बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली सिनेमा पाहण्यासाठी राखून ठेवली आहे. पडदा आणि एव्ही रिसीव्हर (चित्रपटाचा आवाज स्पीकरांना वाटून देणारे यंत्र) पूर्वेच्या लहान भिंतीशी असतील. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, मात्र मागच्या कोपऱ्यात, कोणाच्या पायात येणार नाही असा ठेवावा, असे घरातून बजावण्यात आले आहे. मागची पश्चिमेची भिंत बाहेरची आहे. दक्षिणेची भिंत नऊ इंची असून तिच्या पलीकडे जिना आहे. उत्तरेची साडेचार इंची असून तिच्या पलीकडे माझे वडील झोपतात. जुनी फरशी काढून टाकली आहे. रिसीव्हर आणि सबवूफर घेऊन झाले आहेत; सबवूफरला स्वतःची पॉवर कॉर्ड आहे. वायरमन म्हणतात की वेगळा पाइप टाकण्याची गरज नाही, दिव्यांच्या पाइपातूनच केबल ओढता येईल. दुकानदाराने पंधरा मीटरची तयार ‘सबवूफर केबल’ दाखवली आणि तिची किंमत ऐकून मी परत आलो. एका अमेरिकी चित्रफितीत तर गृहस्थांनी भिंतीच्या पोटात नुसती केबल सोडली आणि पॉवर कॉर्डही तशीच नेली. आपल्याकडे तसे करावे का? दहा दिवसांनी गिलावा सुरू होणार आहे. कृपया मार्गदर्शन करावे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटून दुसरे आहे. कोणती केबल घ्यावी हा प्रश्न आपण पहिला समजत आहात. माझ्या मते तो शेवटचा आहे. केबल दिवाळीनंतर घेतली तरी चालेल, चुकीची घेतली तर बदलताही येईल. पाइप कोठून जाणार, त्याची तोंडे कोठे उघडणार आणि त्या तोंडांशेजारी विजेचे सॉकेट असणार की नाही, या गोष्टी मात्र गिलावा आणि फरशी झाल्यावर पुन्हा भिंत फोडल्याशिवाय बदलता येणार नाहीत. म्हणून पुढील दहा दिवसांत केबलच्या दुकानाकडे फिरकू नका. वायरमन आणि गवंडी यांना एकदा एकत्र बोलावून, जमिनीवर खडूने रेघा मारून पाइपाचा मार्ग नक्की करा.

अमेरिकी चित्रफितीविषयी प्रथम सांगतो, कारण तशा चित्रफिती पाहून पत्र लिहिणारे आपण एकटे नाही. तेथील बहुतेक घरांच्या आतल्या भिंती लाकडी उभ्या पट्ट्यांवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या, म्हणजे आतून पोकळ असतात. त्या पोकळीत केबल वरून सोडली की खाली येते. आग लागल्यास अशी केबल पोकळीतून ज्वाळा पसरवू नये म्हणून तेथील विद्युत संहितेने भिंतीतील केबलींसाठी सीएल-२, सीएल-३ अशा श्रेणी ठरवून दिल्या आहेत, आणि त्या संहितेनुसार उपकरणाची लवचीक पॉवर कॉर्ड भिंतीत नेण्यास मनाई आहे. म्हणजे त्या गृहस्थांनी स्वतःच्या देशाचा नियमही पाळलेला नाही. आपल्या भिंती विटांच्या आहेत. त्यांत पोकळी नाही, आहे तो चुना, सिमेंट आणि पावसाळ्यात ओल. येथे केबलभोवती पाइप हवाच, आणि पाइप असला की श्रेणीचा प्रश्न बराचसा मागे पडतो.

पाइपाशिवाय केबल गाडण्याचा उद्योग मी स्वतः केलेला आहे, म्हणून हे अधिकाराने सांगू शकतो. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात आलो तेव्हा घाईने एक चांगली, महागडी केबल मी थेट गिलाव्याखाली दाबून टाकली. दोन पावसाळे सुखाने गेले. तिसऱ्या पावसाळ्यात सबवूफरमधून बारीक गुरगुर सुरू झाली आणि दसऱ्यापर्यंत ती इतकी वाढली की चित्रपटातील शांत प्रसंगांत तिच्याशिवाय दुसरे काही ऐकू येईना. भिंत फोडली तेव्हा केबलीच्या बाहेरील आवरणाला खिळ्याचे एक लहानसे भोक आढळले, कोणी तरी तसबीर लावण्यासाठी ठोकलेल्या खिळ्याचे, आणि त्या भोकापासून वीतभर अंतरापर्यंत आतील तांब्याची जाळी हिरवी पडून भुकटी झालेली होती. केबल पाइपात असती तर जुनी ओढून नवी घालण्यास अर्धा तास लागला असता. प्रत्यक्षात गवंडी, रंगारी आणि घरातील नाराजी धरून मला पंधरा दिवस लागले.

आता वायरमन यांच्या सूचनेकडे वळतो. दिव्यांच्या पाइपातून सबवूफरची केबल नेऊ नये, याची दोन कारणे आहेत आणि त्यांतील पहिले आवाजाचे नसून जिवाचे आहे. दिव्यांच्या तारांत २३० व्होल्ट असतात. सबवूफरच्या सिग्नल केबलीत साधारण एक-दोन व्होल्ट, आणि तिचे आवरण तेवढ्याच दाबाच्या हिशेबाने केलेले असते. एकाच पाइपात ओढताना एखाद्या तारेचे आवरण खरवडले गेले आणि फेजचा स्पर्श त्या केबलीच्या जाळीला झाला, तर ती वीज थेट रिसीव्हरच्या धातूच्या पेटीवर येते, आणि ती पेटी आपण किंवा आपली मुले रोज हाताळणार आहेत. वेगवेगळ्या दाबांच्या तारा वेगळ्या ठेवाव्यात हे तत्त्व प्रत्येक जाणत्या वायरमनला ठाऊक असते. केवळ एक पाइप वाचतो म्हणून ते बाजूला ठेवले जाते.

दुसरे कारण आवाजाचे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, आणि सबवूफर हे यंत्र नेमके २० ते १२० हर्ट्झच्या दरम्यानचा आवाज मोठा करून ऐकवण्यासाठीच बनवलेले आहे. लहान स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण शिरली तर तो ती धडपणे वाजवूही शकत नाही. सबवूफर ती आपल्या मुख्य कामाचा भाग समजून वाजवतो. त्यातच सबवूफरला लावतात त्या आरसीए (एका पिनेच्या गोल प्लगच्या) केबलीची रचना अशी असते की तिची बाहेरील जाळी केवळ संरक्षणाचे कवच नसते, सिग्नलची परतीची वाटही तीच असते. त्या जाळीत जो काही उपरा प्रवाह येईल तो सिग्नलमध्ये मिसळणारच. दिव्यांच्या पाइपात डिमरच्या किंवा ट्रायॅकवर (इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालणाऱ्या पंख्याच्या रेग्युलेटरच्या तारा असतील, तर गुणगुणीच्या जोडीला चरचरही येते. पंखा दोनवर ठेवला की सबवूफर बोलू लागतो आणि पाचवर ठेवला की गप्प होतो, अशी तक्रार माझ्याकडे एकाहून अधिक वेळा आली आहे. म्हणून सिग्नलचा पाइप स्वतंत्र ठेवावा, विजेच्या पाइपाला समांतर जाताना दोहोंत किमान एक फूट अंतर राखावे, आणि जेथे एकमेकांना ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडावे. वायरमन यांना हे सांगताना त्यांचे चुकले असे न म्हणता ‘या केबलीला करंटचा वास लागतो, तिला लांब ठेवू या’ असे म्हणावे. काम अधिक गोडीने होते.

पॉवर कॉर्ड भिंतीत न्यायची नाही, हे वर आलेच आहे. लवचीक कॉर्ड उघड्यावर, डोळ्यांसमोर वापरण्यासाठी असते. ती गिलाव्याखाली किंवा पाइपात कायमची बंद करण्यासाठी नसते, कारण ती आत तापली किंवा तडकली तर कोणाला कळणार नाही. त्याऐवजी सबवूफरच्या जागेशेजारी एक सॉकेट द्यावे. सहा अँपिअरचे साधे सॉकेट पुरते, कारण २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे १३८० वॉट होतात आणि घरगुती सबवूफरची सरासरी ओढ त्याच्या कितीतरी खाली असते.

ते सॉकेट कोठून जोडले जाते, याकडे मात्र आपण स्वतः लक्ष द्यावे, कारण भिंतीतून केबल नेलेल्या घरांत पुढे जी गुरगुर ऐकू येते तिच्यातील मोठा भाग केबलीचा नसतो, सॉकेटांचा असतो. रिसीव्हर पूर्वेच्या सॉकेटवर आणि सबवूफर मागच्या सॉकेटवर, आणि ही दोन सॉकेटे घराच्या वेगवेगळ्या सर्किटांवर असली, तर त्यांच्या अर्थिंगच्या दाबांत थोडासा फरक राहतो. तो फरक मिटवण्यासाठी प्रवाह सोपी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे आपण एवढ्या काळजीने ओढलेल्या केबलीची जाळी. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. यावर उत्तम उपाय आताच करण्याजोगा आहे: रिसीव्हर, टीव्ही अथवा प्रोजेक्टर आणि सबवूफर या सर्वांची सॉकेटे एकाच एमसीबीवरील एका स्वतंत्र सर्किटवर घ्यावीत, त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी आणि अर्थिंगची तारही त्याच सर्किटसोबत अखंड न्यावी. घरात थ्री-फेज जोडणी असेल तर ही सर्व सॉकेटे एकाच फेजवर यावीत, हे वायरमन यांना स्पष्ट सांगावे. फेज वाटून भार समतोल करण्याच्या सवयीने ते मागचे सॉकेट दुसऱ्या फेजवर टाकण्याची शक्यता असते.

इन्व्हर्टरबाबतही तसेच. आपल्याकडे प्रत्येक खोलीत एक-दोन पॉइंट इन्व्हर्टरवर देण्याची पद्धत आहे. रिसीव्हर इन्व्हर्टरवर आणि सबवूफर थेट विजेवर, अशी विभागणी होऊ देऊ नका. दोन्ही उपकरणे एकीकडेच ठेवा, आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल तर दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवा.

आपल्या सबवूफरच्या कॉर्डला दोन पिना आहेत की तीन, हे पत्रात नाही, पाहून घ्यावे. दोन पिनांचे, दुहेरी आवरणाचे यंत्र अर्थिंगला जोडलेलेच नसते, त्यामुळे ग्राउंड लूपची भीती बरीच कमी असते. तीन पिनांचे असेल आणि पुढे कधी गुरगुर आली, तर अर्थची पिन कापून टाकण्याचा सल्ला देणारे हितचिंतक आपल्याला भेटतील. गुरगुर त्याने खरोखरच थांबते, आणि त्याबरोबर यंत्राच्या धातूच्या भागावर वीज उतरल्यास आपल्याला वाचवणारी एकमेव वाटही बंद होते. हा सल्ला कोणी कितीही आत्मविश्वासाने दिला तरी मानू नये.

आता पाइपाची तोंडे कोठे असावीत, याचा विचार करू. घरातून मागच्या कोपऱ्याचा आग्रह आहे, आणि ऐकण्याच्या दृष्टीने तो अगदीच अवाजवी नाही. ८० हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे ४.३ मीटर लांब असते; एवढ्या लांब लहरीवरून आवाज पुढून आला की मागून हे आपल्या कानांना सहसा ठरवता येत नाही. रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो तो टप्पा, ८० हर्ट्झवर ठेवला तर मागे ठेवलेला सबवूफर मागे आहे हे पाहुण्यांच्या लक्षातही येणार नाही. तोच १२० वर नेला तर पुरुषी आवाजाचा खालचा भाग सबवूफरकडे जाऊ लागतो, आणि नायक पडद्यावर बोलत असताना त्याचा खर्ज पाठीमागून ऐकू येण्याचा विचित्र अनुभव येतो.

तथापि कोपऱ्याला एक दोष आहे. प्रत्येक खोली तिच्या लांबी-रुंदी-उंचीनुसार काही ठरावीक खालचे सूर फुगवते. आपल्या मापांवरून हिशेब केला तर १६ फुटांच्या लांबीमुळे सुमारे ३५ हर्ट्झ, १२ फुटांच्या रुंदीमुळे सुमारे ४७ आणि १० फुटांच्या उंचीमुळे सुमारे ५६ हर्ट्झ हे पहिले सूर येतात. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर हे सर्व सूर एकदम उठवतो. आवाज भरपूर मिळतो, पण एखादाच सूर घुमत राहून बाकीचे दबलेले, असेही होते. याउलट दक्षिणेच्या लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर सबवूफर ठेवला, तर लांबीचा तो ३५ हर्ट्झचा सूर जवळजवळ उठतच नाही, कारण त्या सुरासाठी खोलीचा मध्य ही शांत जागा असते.

एरवी मी वाचकांना एक गमतीशीर वाटणारा पण अचूक प्रयोग सुचवतो: सबवूफर स्वतःच्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे एखादे परिचित संगीत लावावे, आणि स्वतः भिंतींच्या कडेने रांगत जाऊन कोठे खर्ज सर्वांत सारखा व स्वच्छ ऐकू येतो ते शोधावे, जेथे तो चांगला ऐकू येईल तेथे सबवूफर ठेवला तर तो बसण्याच्या जागीही तसाच ऐकू येतो. आपल्या खोलीला दारे-खिडक्या बसल्या असतील तर हा प्रयोग याच आठवड्यात करावा, घरच्यांनी हसू नये म्हणून हवे तर दुपारी करावा. दारे-खिडक्या बसल्या नसतील तर मात्र त्याचा निष्कर्ष फसवा निघेल, कारण उघड्या खिंडारातून खर्ज निसटून जातो. त्या परिस्थितीत भाकीत करण्यापेक्षा दोन तोंडे ठेवणे शहाणपणाचे: एक दक्षिणेच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरे त्याच भिंतीवर, मागच्या कोपऱ्यापासून दोन फूट अलीकडे. पाइप कोपऱ्यापर्यंत जाताना मध्यावरून जाणारच आहे, त्यामुळे मधल्या बॉक्सचा खर्च नगण्य. शिवाय केबल ओढताना तोच बॉक्स विसाव्याच्या जागेसारखा उपयोगी पडतो. दोन्ही ठिकाणी विजेचे सॉकेट मात्र द्यावे लागेल.

पुढेमागे दुसरा सबवूफर घेण्याचे मनात असेल, तर आणखी एक गोष्ट आताच करून ठेवण्यासारखी आहे. हरमन समूहातील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर सर्व आसनांना बऱ्यापैकी सारखा खर्ज देतात, असे दिसून आले होते. आपल्याकडे पुढच्या भिंतीचा मध्य म्हणजे रिसीव्हरचीच जागा, तेथे पाइप नकोच. मागच्या भिंतीच्या मध्यापर्यंत पाइप कोपऱ्यावरून आणखी आठ फूट न्यावा लागेल. फरशी उघडी असताना तो नेऊन, टोकाला बूच मारून ठेवल्यास नुकसान काही नाही.

पाइपाचा मार्ग फरशीखालून न्यावा, असे माझे मत आहे. वरचा मजला असल्यामुळे जमिनीची ओल वर येण्याचा प्रश्न नाही, आणि भिंतीला आडवी लांब झिरी मारण्याचा त्रास व धोका दोन्ही वाचतात. विटांच्या भिंतीत आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा आणि उभी झिरी एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातील संकेत आहे. नऊ इंची भिंतीत त्या हिशेबाने दीड इंच खोल आडवी झिरी चालते. आपल्या उत्तरेच्या साडेचार इंची भिंतीत मात्र पाऊण इंचच मिळते, आणि तेवढ्यात पाइप बसतच नाही. त्यामुळे उत्तरेची भिंत पूर्णपणे सोडून द्यावी. पश्चिमेची भिंतही शक्यतो टाळावी, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात पावसाचा मारा पश्चिमेकडून बसतो आणि अशा बाहेरच्या भिंतीत ठेवलेला बॉक्स जुलै-ऑगस्टमध्ये हाताला गार लागतो. मागच्या भिंतीच्या मध्याकडे जाणारा जादा पाइप घ्यायचाच असेल, तर तो भिंतीत न चढवता स्कर्टिंगपाशीच उघडा ठेवावा. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना छिन्नी लावू नये. पाइप स्लॅबच्या वर, फरशीखालच्या मालात बसला पाहिजे, स्लॅब कोरून नव्हे.

जाता जाता, पंचगंगेच्या पाण्याने २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या तळमजल्यात प्रवेश केला त्या वाचकांनी मात्र हा फरशीचा सल्ला आपल्यासाठी समजू नये. त्यांनी पाइप छतालगत नेऊन भिंतीतून उभा खाली आणावा आणि सॉकेट जेवढे वर ठेवता येईल तेवढे ठेवावे.

पाइप २५ मिलिमीटरचा, मीडियम किंवा हेवी ग्रेडचा, आयएसआय चिन्ह असलेला पीव्हीसी पाइप घ्यावा. २० मिलिमीटरचा पाइप वायरमन यांच्या गाडीत नेहमी असतो आणि ते तोच पुढे करतील. परंतु त्याचे आतील पोकळ माप पाइपाच्या स्वतःच्या जाडीमुळे आणखी कमी होते आणि प्लग लावलेली केबल वळणावर त्यात अडकते. कोपऱ्यांवर काटकोनी एल्बो न वापरता लांब बेंड वापरावेत, आणि एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत दोनपेक्षा अधिक वळणे येऊ देऊ नयेत. पाइप टाकताच त्यात मजबूत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी, आणि बॉक्सच्या तोंडांत कागदाचे बोळे घट्ट कोंबावेत. गवंड्याचा माल एकदा पाइपात जाऊन घट्ट झाला की तो पाइप नसल्यासारखाच. फरशीचा माल पडेपर्यंत त्यावरून मजुरांच्या घमेल्यांची ये-जा होणार आहे, म्हणून पाइप बसवल्याच्या दिवशीच त्याच्या दोन्ही बाजूंनी माल थापून घ्यावा. केबल मात्र आता ओढू नये. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारले जाते, त्यातील काही पाइपात उतरतेच. भिंती वाळल्यावर, रंगाच्या आधी ओढावी.

केबलीविषयी आता थोडक्यात. आपल्या सबवूफरला स्वतःची पॉवर कॉर्ड आहे, याचा अर्थ ॲम्प्लिफायर त्याच्या आतच आहे आणि रिसीव्हरकडून त्याला फक्त सिग्नल हवा आहे. त्यासाठी एकच आरसीए केबल पुरते. सबवूफरच्या मागे एलएफई (खर्जाचा सिग्नल) लिहिलेल्या भोकात ती लावावी, डाव्या-उजव्या दोन्ही भोकांसाठी वाय जोड घेण्याची गरज सहसा नसते. ७५ ओहमची, तांब्याच्या दाट जाळीची आरजी-६ किंवा तिच्याहून बारीक आरजी-५९ कोॲक्सिअल केबल या कामाला उत्तम आहे. डिश अँटेनासाठी मिळणाऱ्या स्वस्त केबलीत जाळी विरळ आणि ॲल्युमिनिअमची असते, तिच्यावर डाग (सोल्डर) बसत नाही आणि गुरगुरीच्या बाबतीतही ती उणी पडते. जाळी सोलून पाहिल्याशिवाय केबल घेऊ नये. लांबीमुळे आवाज कमी होईल, ही भीती खर्जाच्या बाबतीत निराधार आहे. अशा केबलीची धारिता (कपॅसिटन्स) मीटरला साधारण ५० ते ७० पिकोफॅरड असते. दहा-बारा मीटरला मिळून ती ज्या कंप्रतेवर परिणाम करू लागेल ती कंप्रता साधारणपणे एक लाख हर्ट्झच्या पुढे असते, आणि आपला संबंध १२० हर्ट्झपर्यंतच आहे. दुकानदाराने दाखवलेल्या केबलीची किंमत तिच्या वेष्टनाची आहे.

शिवाय आपल्याला पंधरा मीटर लागतही नाही. रिसीव्हरपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत सहा फूट, तेथून मागे चौदा फूट, दोन्ही टोकांना वर चढण्यासाठी एकेक फूट, असे सुमारे २२ फूट, म्हणजे पावणेसात मीटर होतात. दोन्हीकडे दीड-दीड मीटर मोकळी ठेवली तरी दहा मीटर पुरेल. केबल प्लगशिवाय ओढावी आणि प्लग नंतर लावावेत. डाग देणारा माणूस जवळ नसेल तर केबल टीव्हीचे काम करणाऱ्या मुलाकडून दोन्ही टोकांना एफ कनेक्टर दाबून घ्यावेत आणि त्यांवर एफचे आरसीए करणारे जोड बसवावेत; दिसायला साधे, पण टिकते चांगले. त्याच पाइपातून एक कॅट-६ केबल जादा ओढून ठेवली तर ती ट्रिगरसाठी (रिसीव्हरबरोबर सबवूफर आपोआप सुरू होण्यासाठी) किंवा उद्याच्या एखाद्या नव्या उपकरणासाठी कामाला येईल.

ज्या वाचकांचा सबवूफर ॲम्प्लिफायरशिवायचा, म्हणजे पॅसिव्ह आहे, त्यांचे गणित वेगळे. त्यांना जाड स्पीकर वायर लागते. चार ओहमचा सबवूफर आणि पंधरा मीटर अंतर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२ ओहम, म्हणजे सबवूफरच्या पाच टक्के होतो, तेवढा चालतो. त्याहून बारीक तार घेऊ नये.

वायरलेस संच घेऊन हा सर्व खटाटोप टाळता येईल का, असे आपण विचारलेले नाही, पण कोणी तरी सुचवेलच. त्यात सिग्नलची केबल वाचते, सॉकेट वाचत नाही. सिग्नल काही मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि तो फरक रिसीव्हरमध्ये अंतराचा आकडा वाढवून भरून काढावा लागतो. एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. घर बांधून झालेल्यांसाठी तो चांगला तोडगा आहे. आपली फरशी उघडी आहे, तेव्हा आपण त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या वडिलांच्या झोपेविषयी खोटा दिलासा देत नाही. भिंतीतून केबल नेल्याने आवाज पलीकडे जात नाही आणि थांबतही नाही. खर्ज साडेचार इंची भिंत सहज ओलांडतो. सबवूफर दक्षिणेच्या भिंतीशी ठेवल्याने थोडा फरक पडेल, त्याखाली जाड रबरी पाय लावल्याने स्लॅबमधून जाणारी कंपने कमी होतील, आणि उत्तरेच्या भिंतीत दोन्ही खोल्यांचे स्विच बॉक्स एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतील तर त्यांतील एक हलवून ती पोकळी मालाने बुजवून घेणे हिताचे ठरेल. याउपर रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी आवाज आवरण्याची (नाइट मोडची) सोय असते. दहानंतर ती वापरावी.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी दोन कामे राहतात. रिसीव्हर आणि सबवूफर त्यांच्या नियोजित सॉकेटांवर लावून, कोणतीही साधी केबल जमिनीवरून ओढून, संगीत न लावता पाच मिनिटे ऐकावे. गुरगुर आली तर प्रथम डिश किंवा केबल टीव्हीची केबल रिसीव्हरमधून आणि टीव्हीमधून काढून पाहावी, कारण गच्चीवरून येणारी ती केबल बहुतेक वेळा स्वतःचे वेगळे अर्थिंग घेऊन येते. ती काढताच आवाज थांबला तर तिच्यावर आयसोलेटर (अर्थिंगचा दुवा तोडणारा जोड) बसवावा. तरीही आवाज राहिला तर सॉकेटांची जोडणी वायरमन यांच्याकडून पुन्हा तपासून घ्यावी, भिंत अजून उघडी आहे तोवरच. दुसरे काम फोटोंचे. प्रत्येक पाइप आणि बॉक्सशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत, आणि त्यांची एक प्रत वायरमन यांच्या फोनमध्येही ठेवावी. पाच वर्षांनी तसबिरीसाठी खिळा ठोकण्याची वेळ येईल तेव्हा आपला फोन बदललेला असेल.